बॅट टाक आणि पळ

विशाखा मेश्राम आठ महिने त्या संग्रहालयात कॉफी ओतत होती आणि गप्प बसून ऐकत होती. गप्प बसणं हा काही तिचा स्वभाव नव्हे. अमरावतीला ती शाळेत खेळाची बाई होती, आणि तिनं शिट्टी मारली की पाचवी ते दहावीची सगळी पोट्टी रांगेत उभी राहायची. चार वर्षांपूर्वी नवऱ्याला रॉटरडॅमला नोकरी लागली, त्याच्या व्हिसाला शेपटासारखी तीही आली, आणि इथल्या एका कचेरीनं तिला गोड हसून सांगितलं की बाई, तुमची पदवी इथं चालत नाही. तेव्हापासून शिट्टी बंद.

हे संग्रहालय हार्लेमच्या एका टोकाला, क्लबच्या मैदानाला चिकटून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात होतं. दोनच खोल्या. होंकबलचं, म्हणजे बेसबॉलचं. हॉलंडमध्ये कसला आलाय बेसबॉल, असं ज्याला त्याला वाटतं. विशाखालाही वाटलं होतं. पण इथली माणसं हा खेळ शंभर वर्षांवर खेळतायत, आणि २०११ साली त्यांनी क्यूबाला हरवून विश्वचषक आणला. त्या संघातली कितीतरी पोरं क्युरासाओ-अरुबा या डच अमलाखालच्या कॅरिबियन बेटांवरची, काळीसावळी, विशाखाच्या मामेभावांसारखी दिसणारी. काचेच्या कपाटांत त्यांचे फोटो होते, वाळून कडक झालेले ग्लोव्ह होते, पितळी कप होते, आणि प्रत्येक कपाटासमोर उभं राहून पाहुण्यांना गोष्टी सांगणारे म्हातारे होते. सगळे पूर्वीचे खेळाडू. संग्रहालयाचा नियमच तसा होता. जो मैदानावर खेळला तोच इथं बोलणार. बाकीच्यांनी तिकिटं फाडावीत, काचा पुसाव्यात, कॉफी ओतावी.

विशाखाला बोलायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला. पगार नको, बिल्ला नको. चार माणसं समोर उभी करून, कॅचर म्हणजे काय ते आपल्या तोंडानं सांगायचं होतं. मार्चमधल्या एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, तिनं हेंकला गाठलं. हेंक तिथला अध्यक्ष. ताडमाड उंच, गुडघे गेलेला, जन्मभर कॅचर म्हणून, बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलत, खेळलेला. तिनं त्याला सरळ सांगितलं की मलाही पाहुण्यांना फिरवायचं आहे, मीही खेळले आहे, सॉफ्टबॉल, कॅचर, महाराष्ट्राकडून.

हेंक म्हणाला, ''ल्यूक.''

ल्यूक म्हणजे छान. डच माणूस फुलपाखराला ल्यूक म्हणतो, शेजाऱ्याच्या नव्या पडद्यांना ल्यूक म्हणतो, आणि विषय मिटवायचा असला की तेव्हाही ल्यूकच म्हणतो. मग सौजन्य म्हणून त्यानं विचारलं, ''महाराष्ट्र हा क्लब आहे का?''

''हो,'' विशाखा म्हणाली, ''बारा कोटी मेंबर आहेत.''

हेंक हसला नाही. त्यानं चष्मा पुसला आणि आणखी एक प्रश्न विचारला. काही कागद आहे का, सर्टिफिकेट वगैरे?

आणि इथं विशाखाचं डोकं सटकलं. कारण तिचं अर्धं आयुष्य दाखल्यांत गेलं होतं. जातीचा दाखला, मग तो दाखला खरा असल्याचा दाखला. खेळाचा दाखला, मग त्याच्या पडताळणीचा दाखला. इकडे यायला लग्नाचा दाखला, त्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का. उच्चवर्णीय पोरीनं मी खेळले म्हटलं की लोक विचारतात किती मॅची. मेश्राम म्हणाली की विचारतात कागद कुठाय. हेंक बिचारा यातलं काही जाणत नव्हता, त्यानं आपला साधा प्रश्न केला होता. पण राग काही माणूस बघून येत नाही. सर्टिफिकेट तिच्या घरी कपाटात होतं, चांगलं प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. तरी ती म्हणाली,

''कागद नाही दाखवणार. मैदानावर बघ.''

हेंकनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. डच माणसानं कॅलेंडरकडे बघितलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली. एप्रिलमध्ये हंगाम सुरू होतो त्या रविवारी संग्रहालयाचे म्हातारे पाहुण्यांच्या संघाशी तीन डावांची मॅच खेळत, सॉफ्टबॉलच्या मोठ्या चेंडूनं, आणि मग पाहुण्यांना संग्रहालय दाखवत. अशी तिथली जुनी पद्धत. यंदा पाहुणे मिळाले नव्हते. हेंक म्हणाला, नऊ माणसं आण. तुला खेळ येतो असं मला दिसलं तर त्या दिवशी संग्रहालय तू दाखवायचं, तुझ्या भाषेत. नाही दिसलं तर मी दाखवीन, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

नऊ माणसं. तिला म्हणायला तीनच माहीत होती, त्यांतली दोन ती आणि तिचा नवरा.

नवरा सुमित. भला माणूस, दिवसभर कॉम्प्युटरसमोर, पोट नुकतंच पुढं यायला लागलेलं. तो लगेच हो म्हणाला, पण बाकीच्यांसाठी मराठी मंडळातल्या अजितदादाकडे जावं लागेल म्हणाला. विशाखाचं तोंड कडू झालं. अजित रायस्वाइकला राहायचा, तिथल्या मराठी पोरांची क्रिकेटची टीम चालवायचा, आणि जगात त्याला माहीत नाही अशी गोष्ट अजून निघायची होती. त्याची बायको वृंदा. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाची वाटी पुढं करता करता वृंदानं विशाखाला आडनाव विचारलं होतं. मेश्राम म्हटल्यावर वाटी क्षणभर हवेत थांबली. मग वृंदा म्हणाली, ''अच्छा, विदर्भातले का? छान मोकळी असतात हो तिकडची माणसं.'' आडनाव विचारून माणूस कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवायची ही खोड विमानात बसून, व्हिसा काढून इथवर आलेली आहे, आणि तिला परत पाठवायचा कायदा युरोपातल्या कुठल्याच सरकारनं अजून केलेला नाही.

तरी विशाखा गेली. गरज होती.

अजितनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळा बारीक करून म्हणाला, ''महाराष्ट्राकडून? म्हणजे स्पोर्ट्स कोटा ना?''

''कोटा खेळल्यावर मिळतो, अजितदादा,'' विशाखा म्हणाली. ''आधी खेळावं लागतं.''

सुमितनं चहाचा कप तोंडाला लावून त्यातच हसून घेतलं. अजितलाही हसू आलं असावं, पण त्यानं ते मिशीत जिरवलं. तो म्हणाला टीम देतो, पण कॅप्टन मी. बेसबॉल म्हणजे काय, फुलटॉसचं क्रिकेट. त्याची पोरं त्या म्हाताऱ्यांना धुऊन काढतील. विकेटमागे प्रसन्न उभा राहील, तो पट्टीचा कीपर आहे. आणि वहिनी, तुम्ही मागं बाउंड्रीवर थांबा, तिकडं चेंडू फारसा येत नाही. विशाखानं त्याला सांगायचा प्रयत्न केला की कॅचर आणि कीपर यांत फरक आहे, एक दिवस सराव करू. अजित म्हणाला, अहो बॅट आणि बॉलच ना. तिनं गिळलं. अजितशिवाय नऊ होत नव्हते, आणि नऊ झाल्याशिवाय मैदान मिळत नव्हतं.

रविवार उजाडला तो हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे ऊन पडलेलं आणि वारा कानफटात मारणारा. रायस्वाइकची मंडळी ट्रेननं आली, रॉटरडॅमहून प्रणव नावाचा पीएचडी करणारा पोरगा, तिच्या तिघांतला तिसरा, सायकल ट्रेनमध्ये घालून आला. वृंदानं तीन मोठे डबे भरून कोथिंबीरवड्या आणल्या होत्या. समोर म्हातारे अंग मोकळं करत होते. त्यांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ट्रूस ही सत्तरी ओलांडलेली बाई, पांढऱ्या केसांची शेंडी टोपीच्या मागून बाहेर काढलेली. होम प्लेटमागे, म्हणजे बॅटवाला उभा राहतो त्या पांढऱ्या पाटीमागे, हेंक स्वतः बसणार होता, गेलेल्या गुडघ्यांसकट. ट्रूसला बघून अजितनं पोरांना दबक्या आवाजात बजावलं की आजीला लागेल असं मारू नका.

पहिला डाव म्हाताऱ्यांचा. त्यांनी तीन रन काढले. तीन बेस फिरून पुन्हा प्लेटवर आलं की इथं एक रन. प्रसन्न कीपर क्रिकेटच्या सवयीनं प्लेटपासून सहा पावलं मागं उभा राहिला. चेंडू टप्पा घेऊन त्याच्याकडे येईपर्यंत बेसवरचे म्हातारे हात हलवत पुढच्या बेसवर पोचत. विशाखा लांब गवतात उभी राहून ओरडत होती, पुढं सरक, पुढं सरक. वाऱ्यानं तिचा आवाज उचलला आणि समुद्राकडे नेऊन टाकला.

मग आपली बाजू आली, आणि बापजन्मी त्या मैदानानं बघितला नसेल असा खेळ सुरू झाला.

अजित पहिला. ट्रूसनं कमरेखालून हात फिरवला, आणि आजीच्या हातातून चेंडू असा सुटला की अजितची बॅट फिरून झाली तेव्हा तो हेंकच्या ग्लोव्हमध्ये निवांत बसला होता. तीनदा असंच झालं, आणि इथं तीनदा हुकलं की आउट. अजित परत आला आणि बॅटचा तोल बरोबर नाही म्हणाला.

मग प्रसन्न. यानं चेंडू आला तशी बॅट सरळ धरून, मान खाली घालून, अगदी पुस्तकात असावा तसा बचाव केला. चेंडू त्याच्या पायाशी मेला. प्रसन्न समाधानानं उभा राहिला. हेंकनं चेंडू उचलला, सावकाश पहिल्या बेसकडे फेकला, आणि पंच असलेल्या म्हाताऱ्यानं अंगठा वर केला. आउट. प्रसन्न म्हणाला, मी धाव घेतलीच नाही तर आउट कसा? त्याला समजावायला दोन भाषांत पाच मिनिटं गेली. इथं चेंडू बॅटला लागून मैदानात राहिला की पळावंच लागतं, मर्जीचा सवाल नाही.

आणि मग सुमित. ज्याच्याकडून कुणालाच आशा नव्हती त्यानं डोळे मिटून बॅट फिरवली आणि ती लागली. चेंडू दोघांच्या मधून गवतात गेला. सुमित पळाला, बॅट काखेत घट्ट धरून, पोट सांभाळत. पहिल्या बेसपाशी पोचता पोचता तो वाकला, हात लांब केला, बॅटचं टोक बेसवर अलगद टेकवलं आणि दोन हात अलीकडेच थांबला. क्रिकेटमध्ये क्रीजमध्ये बॅट टेकवतात, अगदी तसं. चेहऱ्यावर केवढा आनंद. तेवढ्यात चेंडू आला, बेसवरच्या म्हाताऱ्यानं तो झेलून बेसवर पाय ठेवला, आणि पंचाचा अंगठा पुन्हा वर.

''बॅट आत होती,'' सुमित पंचाला म्हणाला.

पंचानं मराठी न समजताही मान हलवली. इथं बॅटीला किंमत नाही, बेसला माणसाचा हात नाहीतर पाय लागावा लागतो. म्हाताऱ्यांच्या बाकावर हास्याचा पूर आला. त्यात वाईट काही नव्हतं, पण विशाखाच्या कानाला ते हसणं झोंबलं, कारण हेंकही हसत होता आणि तिच्या बाजूचा निकाल त्या हसण्यात लागत होता.

दुसऱ्या डावात म्हाताऱ्यांनी आणखी दोन रन घेतले. पाच शून्य. आपल्या बाजूनं एकाला ट्रूसनं चार चेंडू बाहेर टाकले म्हणून पहिला बेस फुकट मिळाला, तेवढीच कमाई. बाकी तिघं अजितच्या पावलावर पाऊल टाकून वारा घालून आले.

तिसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच एक चेंडू बॅटला चाटून उडाला आणि प्रसन्नच्या अंगठ्यावर बसला. अंगठा वांग्यासारखा सुजला. प्रसन्न मटकन खाली बसला, वृंदा बर्फ शोधायला पळाली, आणि त्याच्या जागी कुणी उभं राहीना. अजितनं एकेकाकडे बघितलं. सगळे बुटांच्या नाड्या बघत होते.

विशाखा गवतातून चालत आली. तिनं प्रसन्नच्या छातीचं कवच सोडवलं, पायांची कवचं सोडवली, आणि हां हां म्हणता सगळं स्वतःला चढवलं. बक्कल न बघता लावत होती ती.

''वहिनी, राहू द्या. लागेल,'' अजित म्हणाला.

''लागू द्या,'' ती म्हणाली आणि जाळीचा मुखवटा खाली ओढला.

ती प्लेटमागे बसली. बॅटवाल्या म्हाताऱ्याच्या इतकी जवळ, की तो मागं वळून बघायला लागला. मग तिनं मैदानाकडे बघितलं आणि आवाज सोडला. अमरावतीच्या शाळेतला आवाज, चार वर्षं पेटीत ठेवलेला. ''अबे प्रणव, काहून बेसला चिपकून उभा आहे, चार पावलं इकडं ये. अजितदादा, तुम्ही मधे. सुमित, चेंडू आला तर आधी पकड, मग विचार कर.'' आश्चर्य असं की सगळे हलले. वाऱ्यालाही तो आवाज उचलता आला नाही.

एक म्हातारा पहिल्या बेसवर पोचला होता. दोन डाव चाललं तसंच चालेल या हिशेबानं तो पुढचा चेंडू सुटताच दुसऱ्या बेसकडे निघाला, घाई न करता. विशाखानं चेंडू घेतला, उठता उठता हात मागं गेला, आणि चेंडू जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून, पिचरच्या कानाजवळून सणसणत दुसऱ्या बेसवर गेला. अजित तिथं उभा होता. त्यानं चेंडू झेलला नाही, चेंडूच त्याच्या ग्लोव्हमध्ये शिरला. म्हातारा अजून चार पावलं लांब होता. तो थांबला, विशाखाकडे बघितलं, आणि टोपी काढून स्वतःच बाहेर गेला.

अजित ग्लोव्हमधला हात झटकत उभा राहिला. त्या माणसाचं काही न बोलणं ही बातमी होती.

म्हाताऱ्यांना त्या डावात रन मिळाला नाही. आता आपली शेवटची बाजू. प्रणवनं वारा घातला आणि आला. एक आउट. मग नववी आणि शेवटची विशाखा, कारण अजितनं यादीत तिला शेवटी घातलं होतं.

सगळ्या म्हाताऱ्यांना वाटलं ही मारणार, फेक बघितली होती ना. मैदानावरचे सगळे मागं सरकले. तिनं शेवटच्या क्षणी बॅट आडवी धरली, चेंडू नुसता बॅटवर बसू दिला, आणि तो टुकटुक करत तिसऱ्या बेसच्या बाजूला दहा पावलांवर थांबला. बॅट केव्हाच खाली पडली होती आणि विशाखा पहिल्या बेसवर होती. ट्रूस वाकून चेंडूपर्यंत पोचली तेव्हा आउट करायला कुणी उरलंच नव्हतं.

बेसवर उभी राहून धापा टाकताना विशाखाला दिसलं ते आधी का दिसलं नाही म्हणून तिनं स्वतःलाच शिवी दिली. हे सगळे म्हातारे. चेंडू लांब गेला तर झेलतील, जन्मभर तेच केलंय. पण पायाशी मेलेल्या चेंडूसाठी वाकायचं म्हणजे गुडघे लागतात. आणि तिच्या संघातल्या प्रत्येक गड्याला लहानपणापासून एकच गोष्ट जिवापाड शिकवलेली होती: चेंडू पायाशी मारून टाकायचा. प्रसन्ननं पहिल्या डावात जे केलं आणि ज्यावर सगळे हसले, तेच तर तिनं आत्ता केलं होतं. फक्त त्यानंतर पळायचं.

अजित प्लेटवर गेला होता. दोनदा वारा घालून झाला होता. तिसऱ्यांदा घालणार इतक्यात विशाखानं हात वर करून खेळ थांबवला आणि चालत त्याच्याकडे गेली. हेंक मुखवट्यातून बघत बसला.

''ब्लॉक करा,'' ती म्हणाली.

''काय?''

''ब्लॉक. शेवटची ओव्हर आहे, मॅच वाचवायची आहे, तसा. मग बॅट टाका आणि पळा.''

''वहिनी, मी ओपनर आहे. सिक्स मारायला आलोय.''

''दादा, सकाळपासून पाच वेळा मारली तुम्ही सिक्स. चेंडू अजून हेंकच्याच हातात आहे.''

हेंकला मराठी कळत नव्हतं, पण आपलं नाव कळलं. अजितनं आकाशाकडे बघितलं, बाकावर बसलेल्या वृंदाकडे बघितलं. वृंदा डब्याचं झाकण हातात धरून त्याच्याकडेच बघत होती. ती ओरडली, ''अहो, ऐका ना तिचं. रोज घरी तरी कुठं सिक्स मारता.'' बाकावर एकच हशा झाला आणि अजितचे कान लाल झाले.

ट्रूसनं चेंडू टाकला. अजितनं ब्लॉक केला, आणि काय ब्लॉक होता तो. बापानं गल्लीत शिकवला असेल तसा. चेंडू पायापुढं मेला. मग त्यानं बॅट टाकली, म्हणजे टाकली कसली, वाकून हळूच गवतावर ठेवली, आणि पळाला. चेंडू उचलायला तिसऱ्या बेसवरचा म्हातारा पुढं धावत आला. त्यानं उचलला तोवर अजित पहिल्या बेसवर पोचून कमरेवर हात ठेवून खोकत होता. पण विशाखाची नजर चेंडूवर नव्हती. तिसरा बेस मोकळा पडलेला तिला दिसला होता. ती दुसऱ्या बेसवर थांबलीच नाही.

आता विशाखा तिसऱ्या बेसवर, होम प्लेटपासून एका धावेवर. प्रसन्नचा अंगठा बर्फात. म्हाताऱ्यांनी त्याचा नंबर मोठ्या मनानं सोडून दिला. पुढचा सुमित.

विशाखा एवढंच ओरडली, ''कर रे.'' काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. बारा वर्षं संसार केल्यावर तेवढं कळतं.

सुमितनं केलं. ब्लॉक, थेट ट्रूसच्या दिशेनं, मधोमध. आणि पळाला, बॅट काखेत घट्ट धरून. बाकावरून सगळे ओरडले टाक टाक टाक, पण त्या माणसाला आता काही ऐकू येत नव्हतं. ट्रूस वाकली. तिनं सुमितकडे बघितलंच नाही. जुनी खेळाडू होती, तिला कळलं होतं की खरी गोष्ट दुसरीकडे घडतेय. तिनं वळून चेंडू होम प्लेटकडे फेकला, हेंककडे.

विशाखा धावत येत होती आणि हेंक प्लेटच्या तोंडावर गुडघे टेकून बसला होता, दारात आडव्या टाकलेल्या बाजेसारखा. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये बसला तेव्हा ती पाच पावलं लांब होती. सरळ गेली असती तर संपलं होतं. तिनं अंग टाकलं. डाव्या कुशीवर, प्लेटच्या बाहेरून, लाल मातीत घासत गेली, चेंडू धरलेला हेंकचा हात तिला शिवायला खाली आला, आणि त्याच्या मागून, पाठीमागच्या बाजूनं, तिनं हाताची बोटं प्लेटवर टेकवली.

धूळ उडाली. पंच म्हाताऱ्यानं अंगठा वर केला. आउट.

विशाखा तशीच मातीत पडून राहिली. तिला वाटलं, झालं, आता जन्मभर कॉफी.

मग हेंकनं मुखवटा काढला. पंचाकडे वळून तो डचमध्ये काहीतरी म्हणाला, शांतपणे, हवामान सांगावं तसं. विशाखाला ते कळलं. तो म्हणाला, ''नाही. माझा हात पोचला नाही. तिचा पोचला.''

पंचानं खांदे उडवले आणि दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे आउट नाही, रन.

पुढचे दोघं पटापट आउट झाले आणि आपली बाजू मॅच पाच एकनं हरली. पण हे त्या म्हाताऱ्यांना समजावून सांगणं अवघड होतं, कारण हरलेला संघ नाचत होता. अजित दुसऱ्या बेसवरून येताना सुमितला मिठी मारून बॅट सोडवून घेत होता, प्रसन्न सुजलेला अंगठा वर करून फोटो काढून घेत होता, आणि वृंदा एकेका डच म्हाताऱ्याच्या हातात कोथिंबीरवडी कोंबत होती. ट्रूसनं दुसरी मागून घेतली. इथं पाहुण्याला एक बिस्कीट देऊन डबा बंद करायची पद्धत आहे. तिनं दुसरी मागितली म्हणजे ती मराठी झाली.

हेंक विशाखापाशी आला. कौतुक करायला नव्हे, तो त्याचा स्वभाव नव्हता.

''फेक चांगली आहे,'' तो म्हणाला. ''स्लाइड त्याहून चांगली. डच भाषा वाईट आहे. आज तुझ्या लोकांना तू दाखव. डचमध्ये पुढच्या महिन्यापासून, तोवर सुधार.''

''आणि कागद?'' ती म्हणाली.

हेंकनं तिच्या कोपरापासून गुडघ्यापर्यंत चोपडलेल्या लाल मातीकडे बघितलं. ''कशाला?'' तो म्हणाला आणि किल्ल्या आणायला गेला.

वृंदा म्हणाली, अगं कपडे तरी बदल, माझ्याकडे जास्तीचा कुर्ता आहे. त्या 'अगं'त काही वेगळं होतं, नाही असं नाही. विशाखानं ते ऐकलं आणि ठेवून दिलं. एका 'अगं'वर हुरळून जाण्याइतकी ती कोवळी नव्हती. तिनं कुर्ता घेतला नाही. मातीसकट आत गेली.

पहिल्या कपाटासमोर मंडळी जमली. अजितनं घसा साफ केला आणि सुरुवात केली, ''तर बेसिकली बेसबॉल हा जो गेम आहे—''

''दादा,'' विशाखा म्हणाली, ''इथं जो खेळला तो बोलतो.''

''मीही खेळलो की आत्ता.''

''मग पुढच्या वर्षी. आज ऐका.''

आणि ती बोलायला लागली. कॅचर प्लेटमागे बसतो तेव्हा अख्ख्या मैदानात फक्त त्यालाच सगळ्यांचे चेहरे दिसतात, बाकी सगळे त्याच्याकडे बघत असतात, इथून तिनं सुरू केलं. ग्लोव्हचा खळगा कसा पडतो ते सांगितलं. बेटांवरच्या पोरांच्या फोटोपुढं उभी राहून सांगितलं की ही पोरं आली तेव्हा यांनाही कुणीतरी विचारलं असेलच तुम्ही नक्की कुठले म्हणून, आणि मग यांनीच कप आणला. मंडळातली दोन माणसं बुटांकडे बघायला लागली. विशाखानं त्यांना बघू दिलं आणि पुढं गेली. सुमित मागं उभा राहून तिच्याकडे असा बघत होता, जशी ही बाई त्याला आजच कुणीतरी दाखवली असावी.

वीस मिनिटांचा फेरा होता. तास झाला. प्रसन्नचा अंगठा ठणकत होता, रायस्वाइकच्या ट्रेनची वेळ होत आली, वड्या गार झाल्या. दारात हेंक उभा राहून किल्ल्या वाजवत होता, आधी हळू, मग जोरात. प्रणव निसटायच्या बेतात दाराकडे सरकला.

''कुणी हलायचं नाही,'' विशाखा म्हणाली. ''दुसरी खोली अजून बाकी आहे.''